एक दशमी, अनेक इतिहास : मुलचेरा परिसरातील उत्सवांचा विचार

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका चामोर्शी आणि अहेरी यांच्या सान्निध्यात, अरण्य व भातशेती यांच्या संगतीने वसलेला आहे. गोंड व माडिया, मराठी भाषिक शेतकरी आणि पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित असे निरनिराळ्या काळी या भूमीवर स्थिरावलेले समाज येथे एकमेकांच्या शेजारी राहतात. उत्सव हा समाजाच्या अस्मितेचा आविष्कार होय, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्यातून नवे असे काही निष्पन्न होत नाही. कोणता उत्सव कोणता इतिहास सांगतो आणि तो सांगण्यासाठी उत्सवाचीच गरज का पडते, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यास आश्विन शुद्ध दशमी ही एकच तिथी पुरेशी आहे.

पूर्व पाकिस्तानात जानेवारी १९६४ मध्ये उसळलेल्या दंगलींनंतर निर्वासितांचा नवा ओघ भारतात आला. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे रायपूरजवळील माना येथील छावणीतून पुढे मध्य भारताच्या अरण्यप्रदेशात पाठविण्यात आली, व त्याच दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्यातही त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतिग्राम ही मुलचेरा तालुक्यातील गावांची नावेच बोलकी आहेत. ती जाणीवपूर्वक ठेवलेली नावे आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने झिजून गुळगुळीत झालेली नव्हेत.

या समाजाचा मुख्य उत्सव दुर्गापूजा. महाराष्ट्रातील नवरात्र प्रतिपदेच्या घटस्थापनेने सुरू होते. बंगाली पूजेचा खरा प्रारंभ षष्ठीच्या बोधनाने होतो. अष्टमी व नवमी यांच्या संधिकाळी एकशे आठ दिव्यांची पूजा होते आणि दशमीस सवाष्ण स्त्रिया देवीला व परस्परांना सिंदूर लावून तिला निरोप देतात. देवी ही चार दिवसांसाठी माहेरी आलेली लेक, ही या उत्सवामागील मूळ कल्पना होय. मराठी वाचकास हा भाव भाद्रपदातील गौरींमुळे परिचित आहे. तथापि ज्यांचे स्वतःचे माहेरच सीमेपलीकडे राहिले, त्या समाजात या कल्पनेस वेगळे वजन येते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दुर्गेची मूर्ती पेंढा आणि चिकणमाती यांची असते. ती दरवर्षी नव्याने घडविली जाते आणि दरवर्षी विसर्जित होते. म्हणजे हे दैवत कोणत्याही एका स्थळाशी जखडलेले नाही. मूळ गाव, शेत व नदी गमावलेल्या माणसांना ते नव्या भूमीच्या मातीतून पुन्हा घडविता आले. कोलकात्याच्या दुर्गापूजेची नोंद २०२१ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. परंतु हा वारसा किती दूरवर आणि कोणत्या परिस्थितीत वाहून नेला गेला, हे पाहावयाचे असेल तर नगरातील झगमगाटापेक्षा अशा वसाहतींतील पूजा अधिक उद्बोधक ठरते. या निर्वासितांत नामशूद्र जातीचे लोक पुष्कळ आहेत. ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. राज्याची सीमा ओलांडताच ज्यांची शासकीय ओळख बदलते, त्यांच्या दृष्टीने पूजेतील ढाकाचा नाद हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

गोंड समाजाच्या उत्सवांची रचना याच्या नेमकी उलट आहे. गोंडांचे देव, म्हणजे पेन, कुळाशी आणि गावाच्या शिवेशी बांधलेले असतात. कुळांची विभागणीच चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत होते व विवाहसंबंध त्यावरून ठरतात. प्राणहितेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांविषयी हैमेनडॉर्फ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. माडियांचे पंडुम हे सण पंचांगावर चालत नाहीत. बी पेरण्यापूर्वी बिज्जा पंडुम, आंब्याचा मरका पंडुम, अशी त्यांची परंपरा. नवे फळ वा धान्य देवास अर्पण केल्याशिवाय खावयाचे नाही, हा त्यातील नियम. दिवस गावाने ठरवावयाचा, त्यामुळे तो गावोगाव वेगळा.

हे दैवत स्थलांतर करीत नाही. त्याचे स्थान हाच त्याचा इतिहास. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे या इतिहासास कायदेशीर मोल आले आहे. कायद्याच्या नियमांत विहिरी, दफनभूमी यांच्याबरोबर पवित्र स्थळेही प्राचीन वहिवाटीचा पुरावा म्हणून मान्य केलेली आहेत. ज्यांच्याजवळ लिखित दस्तऐवज नव्हता, त्यांचा देवच साक्षीदार झाला! उलट, अनुसूचित जमातीबाहेरील वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. १९६० च्या दशकात आलेल्या बंगाली शेतकऱ्यांस ते शक्य नाही. त्यांचा आधार पुनर्वसनाच्या कागदांचा.

आता पुन्हा दशमीकडे वळावयास हरकत नाही. त्या दिवशी बंगाली वसाहतींत महिषासुरमर्दिनीचे विसर्जन होते. अहेरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी. तेथील आत्राम घराण्याचा दसरा जुन्या राजसत्तेची आठवण जागवितो. धानोरा तालुक्यातील परसवाडी येथे गोंड लोक त्याच दिवशी रावणाची पूजा करतात, आणि मध्य भारतातील काही आदिवासी संघटना महिषासुरालाही आपला पूर्वज मानतात. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, नागपुरात धम्मदीक्षा घेतली व १६ तारखेस चंद्रपूर येथे दीक्षासमारंभ झाला. त्यामुळे जिल्ह्यातील बौद्धांसाठी दसऱ्याचा हा काळ जुन्या धर्माच्या त्यागाची स्मृती झाला आहे.

एकाचा वध्य तो दुसऱ्याचा पूर्वज, ही स्थिती सुखावह नाही. ‘विविधतेत एकता’ या सोयीस्कर शब्दांनी ती झाकणेही योग्य नव्हे. मात्र या विरोधाचा उगम पुराणकथेत जितका आहे, त्याहून अधिक तो वर्तमानात आहे. जमीन कोणाची व येथील मूळचे कोण, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाज आपल्या उत्सवातून देत असतो. म्हणूनच अशा उत्सवांचा अभ्यास करताना विधींच्या वर्णनाबरोबर सातबारा, जातींच्या याद्या व पुनर्वसनाचे दप्तर यांचेही वाचन आवश्यक ठरते.

दशमी उलटली की थोड्याच दिवसांत धान कापणीस येते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, देसाईगंज-वडसा येथील नाटक मंडळ्या दौऱ्यावर निघतात आणि रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांस पाहुणेमंडळींसह सारा गाव लोटतो. याच क्षेत्रातील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी जुनी जोडी होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. मधल्या वर्षांत पट नव्हते, तरी नाटके होत राहिली. बंगालच्या ग्रामीण भागातही ‘यात्रा’ नावाचा रात्रभर चालणारा नाट्यप्रकार आहे. त्या परंपरेतून आलेला प्रेक्षक झाडीपट्टीच्या मंडपात बसतो तेव्हा भाषा परकी असली, तरी जागरण त्याच्या परिचयाचे असते.