विश्लेषण : मोल्दोवातील बँकांची लूट कोणाच्या माथी?

सोव्हिएत संघातून १९९१ मध्ये वेगळ्या झालेल्या मोल्दोवातील तीन बँकांतून २०१४ पर्यंत सुमारे एक अब्ज डॉलर गायब झाले. ही रक्कम देशाच्या जीडीपीच्या जवळपास १२ टक्के होती.

पैसा कसा गेला?
तीन बँकांपैकी एक सोव्हिएतकालीन सरकारी बचत बँकेची वारसदार होती. २०१३ मध्ये तिच्यावरील सरकारचे नियंत्रण गेले. या बँकांनी एकमेकांशी लागेबांधे असलेल्या कंपन्यांना कर्जे दिली आणि तो पैसा लॅटव्हियातील बँकांमार्गे बाहेर गेला. बँका तगाव्यात म्हणून मध्यवर्ती बँकेने सरकारी हमीवर तातडीची कर्जे दिली. तरीही २०१५ मध्ये तिन्ही बँकांचे परवाने रद्द झाले.

शिक्षा कोणाला?
माजी पंतप्रधान व्लाद फिलात यांना २०१६ मध्ये लाचखोरीबद्दल नऊ वर्षांची शिक्षा झाली. उद्योगपती व राजकारणी इलान शोर देशाबाहेर पळाले. त्यांना २०२३ मध्ये गैरहजेरीत १५ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

भरपाई कोण करणार?
सरकारने २०१६ मध्ये हमीचे १३ अब्जांहून अधिक लेई सार्वजनिक कर्जात वर्ग केले. मुदत २५ वर्षांची. म्हणजे लूट झाली तेव्हा पाळण्यात असलेली मुलेही कमावती झाल्यावर ती करातून फेडतील.