काहीच त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला? उत्तराची सुरुवात झाली परळच्या केईएममध्ये

जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक असो की मुंबईतलं परळ, बीपीची गोळी पहिल्यांदा लिहून दिली की एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, मला काहीच त्रास होत नाही, मग गोळी कशाला?"

प्रश्न वेडगळ नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी कित्येक डॉक्टरही असाच विचार करायचे. वयानुसार रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे ढकलायला दाब वाढणारच. तो कमी केला तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल, अशी भीती होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसासाठीही तेव्हा बीपीवर धड औषध नव्हतं.

सर्पगंधा आणि डॉ. वकील

आपल्याकडे सर्पगंधेचं मूळ वैद्य मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत होती, मुख्यतः झोप न येणं आणि वेड यांवर. त्याने रक्तदाबही उतरतो हे भारतीय डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच नोंदवलं होतं. पण बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. ५० रुग्णांवरच्या चाचणीचा त्यांचा लेख १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. बहुतेक रुग्णांचा दाब उतरला होता.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेझर्पिन हे द्रव्य वेगळं केलं. रक्तवाहिन्यांना आवळायला लावणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं असतं. रेझर्पिन हा साठाच रिकामा करतं, मग रक्तवाहिन्या सैलावतात. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत आज किती जणांना हे नाव माहीत असेल, कोण जाणे.

आकडा उतरला, पण जीव वाचला का?

खरा प्रश्न मात्र इथेच होता. यंत्रावरचा आकडा कमी होणं वेगळं आणि माणूस पक्षाघातापासून वाचणं वेगळं.

उत्तर आलं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून. डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या गटाने खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला तीन औषधं एकत्र दिली, त्यातलं एक रेझर्पिन. दुसऱ्या गटाला दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोण काय घेतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं. १९६७ मध्ये निकाल आला: औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. १९७० मध्ये याच गटाने दाखवलं की ९० ते ११४ या पट्ट्यातल्या, म्हणजे इतक्या जास्त दाब नसलेल्या लोकांनाही औषधाचा फायदा होतो.

त्रास जाणवत नसला तरी धोका किती, हे २००२ मधल्या एका मोठ्या विश्लेषणातून आणखी स्पष्ट झालं. ४० ते ६९ या वयात दाब ११५/७५ च्या वर प्रत्येक २०/१० ने वाढला की पक्षाघात किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. १३५/८५ ला दुप्पट, १५५/९५ ला चौपट. या चढणीवर 'आता दुखायला लागलं' असा टप्पा लागेलच असं नाही, आणि म्हणूनच बीपी तपासल्याशिवाय कळत नाही.

मग आज सर्पगंधा घ्यायची का?

नाही. निदान आपल्या मनाने तर नाहीच. मुळाच्या पावडरीत रेझर्पिन किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि जास्त झालं तर दाब धोकादायक इतका उतरू शकतो. नाक चोंदणं, मरगळ, मन उदास होणं अशा तक्रारीही होत्याच. त्यामुळे हे औषध मागे पडलं आणि अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी सुसह्य औषधं आली.

आता अडचण औषध शोधण्याची नाही, ते रोज घेतलं जाण्याची आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भर त्यावरच आहे. महाराष्ट्रात तो आधी सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत राबवला गेला. सगळ्यांसाठी ठरलेला सोपा औषधक्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद, पुढच्या तारखेला न आलेल्याची चौकशी आणि गोळ्या शक्यतो गावाजवळच्या उपकेंद्रातच.