मुलं चर्चमध्ये येतात, पण मंडळीत येतात का?

(या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. माझं ‘अं… हं…’ आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात, बाकी बोललो तसंच आहे.)

 

आजचा विषय आहे मुलांना, आणि मुलांसोबत अख्ख्या घराला, चर्चच्या जीवनात सामील कसं करून घ्यायचं. मी काही धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या मराठी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी संडे स्कूल माझ्याकडे दिली, तेव्हा माझी पात्रता एकच होती. मला प्रोजेक्टर जोडता येत होता.

मग मी तेच केलं. प्रोजेक्टर लावला, कार्टूनमधल्या बायबल गोष्टी दाखवल्या, क्विझचं ॲप बनवलं, बक्षिसं ठेवली. तीन रविवार खोली भरली. चौथ्या रविवारी निम्मी मुलं आली. घरी मोबाईलवर याहून भारी कार्टून असतं, मग आमचं कशाला बघतील?

तेव्हा माझी नऊ वर्षांची भाची घरी जाताना स्कूटरवर मागून म्हणाली, “मामा, आपण मागच्या खोलीत गेलो ना, की मग खरं चर्च सुरू होतं का?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तिचं बरोबर होतं. दुसरं गीत झालं की आम्ही मुलांना मागच्या खोलीत न्यायचो आणि शेवटच्या आशीर्वादाला परत आणायचो. मधे काय होतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. माझ्याबरोबर त्याच खोलीत वाढलेल्या मुलांपैकी आज किती जण चर्चला येतात, हे मी बोटांवर मोजलं. एक हातसुद्धा पुरला.

ही वेगळी खोली आली कुठून?

संडे स्कूलची चळवळ पसरवण्याचं श्रेय इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरातल्या रॉबर्ट रेक्स यांना दिलं जातं. साल १७८०. रेक्स वर्तमानपत्र चालवायचे. तिथली गरीब मुलं आठवडाभर कामाला जायची आणि रविवार हाच त्यांचा एक मोकळा दिवस. म्हणून त्या दिवशी त्यांना लिहाय-वाचायला शिकवायचं, आणि वाचायला पुस्तक बायबल. म्हणजे ती खरोखरची शाळा होती. ज्यांना दुसरी शाळाच नव्हती, त्यांच्यासाठी काढलेली.

पुढे मुलांना रोजची शाळा मिळाली, अक्षर-ओळख तिथे होऊ लागली. पण रविवारचा वर्ग तसाच राहिला. बाक, फळा, हजेरी, पाठांतर, परीक्षा. आठवड्यात सहा दिवस शाळा करणाऱ्या मुलाला आपण सातव्या दिवशीही शाळाच देतो, आणि मग म्हणतो, “आजकालच्या मुलांना आवड नाही.”

संडे स्कूल बंद करा असं मी म्हणत नाही. गोष्ट नीट समजावून सांगायला, प्रश्न विचारायला वयानुसार वर्ग हवाच. पण फक्त वर्ग असेल तर मुलाला चर्चबद्दल माहिती मिळते. मंडळीत त्याची जागा तयार होत नाही.

बघायची परवानगी आणि करायची परवानगी

आमच्या कामात एखाद्या सिस्टिमचा ॲक्सेस दोन प्रकारे देतात. एक ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त बघा. दुसरा ‘राइट’, म्हणजे तुम्ही त्यात भर घालू शकता. नवीन माणूस टीमचा कधी होतो? त्याने लिहिलेली पहिली ओळ खऱ्या सिस्टिममध्ये जाते तेव्हा. तोवर तो पाहुणा.

आपण मुलांना वर्षानुवर्षं पाहुणा ठेवतो. नाताळच्या नाटकात मेंढपाळ करतो, टाळ्या वाजवतो, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विसरतो.

बायबल मात्र वेगळं दाखवतं. योहानाच्या सहाव्या अध्यायात हजारो लोक भुकेले असतात, आणि पाच भाकरी, दोन मासळ्या असतात त्या एका मुलाकडे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मधे बसून ऐकतोय आणि प्रश्नही विचारतोय. त्याला कोणी मागच्या खोलीत पाठवत नाही.

यहुदी घरांमध्ये तर ही गोष्ट विधीतच बसवलेली आहे. वल्हांडणाच्या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. त्या प्रश्नानंतर मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगितली जाते. ही परंपरा आपल्याला परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी या रात्रीचं पुस्तक, हग्गादा, मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यातच छापलं गेलं होतं. मुलाचा प्रश्न म्हणजे व्यत्यय नाही, विधी तिथूनच पुढे सरकतो.

असंच एक उदाहरण ख्रिस्ती परंपरेतलं. नाताळाआधीच्या चार रविवारी आपण आगमनकाळाच्या मेणबत्त्या लावतो. १८३९ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न हे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत होते. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. मुलांच्या अधीरतेला त्यांनी गप्प केलं नाही, तिला काम दिलं. तीच पद्धत पुढे जगभर गेली.

घर एकत्र आलं तर काय होतं

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या काउप्लेनमध्ये सेंट विल्फ्रेड्स नावाचं चर्च आहे. तिथे २००४ मध्ये ल्युसी मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेसी चर्च’ सुरू केलं. मेसी म्हणजे पसारा. आधी तासभर रंग, कागद, माती, पीठ घेऊन त्या दिवसाच्या बायबल गोष्टीशी जुळणारं काहीतरी बनवायचं. मग थोडा वेळ उपासना. मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आज हे कितीतरी देशांत चालतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे मुलाला सोडून निघून जायचं नाही. मोठ्या माणसाने सोबत थांबायचं आणि हात घाण करायचे. मुलांची ही खास सभा नाही, सगळ्या वयांच्या लोकांचं ते चर्चच आहे.

आम्ही याचं देशी रूप केलं. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. एका टेबलावर कणीक मळून भाकरी थापायची, एकावर जुन्या वर्तमानपत्रांची होडी, एकावर आजारी सभासदांसाठी कार्डं. मग पंधरा मिनिटं उपासना आणि शेवटी खिचडी किंवा पोहे. खर्च म्हणाल तर तांदूळ-डाळ कोणीतरी घरून आणतंच. पहिल्या शनिवारी वडीलमंडळी भिंतीला टेकून मोबाईल बघत होती. दुसऱ्यांदा आम्ही प्रत्येक टेबलाला एका बाबाला प्रमुख केलं. मग मोबाईल आपोआप खिशात गेले.

आपली खास अडचण: देवनागरी

ही गोष्ट इंग्लंडमधल्या पुस्तकात मिळणार नाही. आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण ‘उपासना संगीत’ हातात दिलं की अडखळतात. जोडाक्षर आलं की ओठ हलायचे थांबतात. आपल्याला वाटतं, मुलाला गाण्यात रस नाही. खरं तर त्याला ओळ वाचता येत नसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मराठी साहित्यात ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. ख्रिस्ती भक्ती आपल्या मातीच्या चालीत यावी म्हणून त्यांनी गीतं आणि कीर्तनं रचली. ती गीतं आपल्याच मुलांना परकी वाटावीत, हे मला फार लागलं.

उपाय साधा आहे. महिन्याला एकच गीत घ्यायचं. मोठ्या टायपात छापायचं, कठीण शब्दांचे अर्थ खाली द्यायचे, आणि शिकवायला आजी-आजोबांना बसवायचं. आजी चाल शिकवते, नातू तिला मोबाईलवर रेकॉर्ड करून देतो. महिनाअखेर ते गीत उपासनेत सगळ्यांनी म्हणायचं.

येत्या महिन्यात करून बघण्यासारखं

१. शास्त्रवाचन मुलाला द्या, पण तयारीसह. उतारा बुधवारीच पाठवा, शनिवारी माइकवर एकदा वाचून घ्या. तयारी न करता उभं केलं तर मूल फजितीच लक्षात ठेवतं.

२. कायमचं काम वाटून द्या. दारात स्वागत, दानपिशवी फिरवणं, आगमनकाळाची मेणबत्ती, साउंडचा बोर्ड. फलकावर मुलाचं नाव मोठ्यांच्याच यादीत लिहा.

३. पहिल्या रांगेपुढे सतरंजी घाला. मागे बसलेल्या मुलाला फक्त पाठी दिसतात. पुढे बसलं की प्रभुभोजनाचा मेज दिसतो, बाप्तिस्म्याचं पाणी दिसतं.

४. उपदेशातून एक प्रश्न घरी न्या. पाळकसाहेबांनी शेवटी एकच प्रश्न द्यायचा, रात्री जेवताना घरात त्यावर बोलायचं. दहा मिनिटं पुरतात. उत्तर बरोबरच हवं असं नाही.

५. एकट्या येणाऱ्या मुलांसाठी घर शोधा. कोणाची आई नर्स असते, रविवारी ड्युटी असते. कोणाचे बाबा चर्चला येत नाहीत. अशा मुलाला एखाद्या कुटुंबाशेजारी ठरलेली जागा द्या. ‘फॅमिली संडे’ म्हणताना या मुलांना आपण नकळत बाहेर ठेवतो.

६. सुरक्षिततेत ढिलाई नको. कुठल्याही खोलीत मुलांसोबत किमान दोन मोठी माणसं, तीही एकाच घरातली नकोत. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो टाकू नका. आपण सगळे ओळखीचे आहोत, हे कारण चालणार नाही.

सगळं गोड झालं का? नाही.

सतरंजी घातल्यावर दुसऱ्याच रविवारी एक ज्येष्ठ काका पंचांच्या बैठकीत बोलले. “उपासनेत शिस्त पाहिजे. मला आता कमी ऐकू येतं. पुढे पोरं कुजबुजली की उपदेश हरवतो.” मला आधी राग आला. मग वाटलं, तेही याच मंडळीचे आहेत. त्यांच्या बाकाशेजारी एक छोटा स्पीकर बसवला. मुलांना सांगितलं की आजोबांना ऐकू यावं म्हणून उपदेशाच्या वेळी हळू बसायचं. ‘गप्प बसा’पेक्षा हे कारण त्यांना जास्त पटलं. तरी एक कुटुंब नाराज होऊन दुसरीकडे गेलं. ते अजून मनात आहे.

मुलांची संख्याही फारशी वाढली नाही. पण मुलं न आल्याचं आता मंडळीला कळतं. पूर्वी एखादं मूल महिनाभर आलं नाही तर ते फक्त माझ्या हजेरीच्या वहीत दिसायचं. आता दारावर कोण उभं राहणार हा प्रश्न येतो, आणि कोणीतरी त्याच्या घरी फोन करतं.

गेल्या महिन्यात भाचीने शास्त्रवाचन केलं. शनिवारी तयारी केली होती, तरी ‘निर्गम’ पाशी अडकली. चर्चमध्ये शांतता. मी जागेवरून उठणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरून तेच काका मोठ्याने म्हणाले, “निर्गम, बाळा. सावकाश वाच.” आणि तिने सावकाश वाचलं. मागच्या खोलीबद्दल तिने परत काही विचारलेलं नाही.

तुमच्या चर्चमध्ये मुलांना कोणतं खरं काम आहे, ते मला नक्की कळवा. यातलं काही करून बघितलं आणि फसलं, तर तेही कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. सलाम!