दहाच्या नाण्यापेक्षा हलकं आमिष फेकायचंय? मग रील कोणती घ्याल

परतवाडा : मोबाइलवरच्या रीलमध्ये कोणीतरी धरणाच्या काठावरून इवलासा चमचा लांब फेकतो, चार फेरे मारतो आणि मासा लागतो. ते पाहून पोट्टे तशीच दिसणारी रील ऑनलाइन मागवतात. पार्सल येतं, काठावर जाऊन पहिला झटका मारला की आमिष पाच-सहा फुटांवर टपकन पडतं आणि रीलवर तंगूसाचं घरटं तयार होतं. अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो, शेवटी चाकू लावावा लागतो. रील फसवी निघाली, अशी समजूत होते. बहुतेक वेळा रील चांगलीच असते. फक्त ती इतक्या हलक्या वजनासाठी केलेली नसते.

म्हणून रील पाहण्याआधी आमिषाचं वजन पाहा. छोटा फिरकीचा चमचा, बोटभर प्लॅस्टिकची मासोळी, रबरी गांडूळ ही नकली आमिषं साधारण 2 ते 7 ग्रॅमची असतात. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं. पाकीट फेकून दिलं असेल तर सोनाराच्या काट्यावर ठेवून बघता येतं. तेही नको असेल तर खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढा. ते पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. एका तळहातावर नाणं, दुसऱ्यावर आमिष. आमिष नाण्याहून हलकं वाटलं तर पुढचा निर्णय जवळपास झालाच.

बाजारात मुख्य रीली दोन प्रकारच्या. रॉडच्या वर बसते, गोल डब्यासारखी दिसते, अंगठा ठेवून फेकतात, ती बेटकास्टिंग. रॉडच्या खाली लोंबते, पुढे तारेची कडी असते, ती स्पिनिंग. व्हिडिओत पहिलीच जास्त रुबाबदार दिसते, आणि घोटाळा तिथंच होतो.

फरक समजायला संक्रांतीची चक्री आठवा. पतंगानं मांजा ओढला की चक्री स्वतः फिरते. ओढ जोराची असली तर ती छान फिरते. पण एकदा झटका बसून ओढ थांबली आणि चक्री फिरतच राहिली, तर मांजा सैल पडून गोळा होतो. बेटकास्टिंग रीलमध्ये हेच घडतं. तिथं दोरा गुंडाळलेला स्पूल फिरवायचं काम आमिषाला करावं लागतं. 15 ग्रॅमचं आमिष ते आरामात करतं. 4 ग्रॅमच्या आमिषात तेवढा दमच नसतो. झटक्यानं स्पूल सुरू होतो, आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र फिरत राहतो. घरटं तयार.

स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल हलतच नाही. दोरा त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटत जातो. ही युक्ती मुळात कापड गिरणीतून आली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या भागात लोकरीच्या गिरणीचा धंदा असलेल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी 1905 साली अशा रीलचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत कसं अलगद सुटतं, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. अचलपूरच्या फिनले मिलमध्ये काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही. बॉबिन जागेवर उभी असते आणि सूत तिच्यावरून ओघळतं, तसंच इथं. दोरा ओढायला काहीच जोर लागत नसल्यानं 3 ग्रॅमचं आमिषसुद्धा लांब जातं.

थोडक्यात, साध्या किमतीची बेटकास्टिंग रील साधारण 10 ग्रॅमच्या पुढे नीट चालते. त्याखाली स्पिनिंग. जपानी पद्धतीच्या, अगदी हलक्या स्पूलच्या बेटकास्टिंग रीली 3-4 ग्रॅमही फेकतात, पण त्या महाग असतात आणि हात बसायला वेळ लागतो. पहिल्याच खरेदीत त्यांच्या नादी लागू नये.

आता आकार. स्पिनिंग रीलवर 1000, 2000, 2500, 4000 असे आकडे असतात. आकडा मोठा तशी रील मोठी. प्रत्येक कंपनीचं माप सारखं नसतं, पण अंदाज येतो. 2 ते 5 ग्रॅमसाठी 1000 किंवा 2000 पुरे. 5 ते 10 ग्रॅमसाठी 2000 किंवा 2500. एकच रील घ्यायची असेल तर 2000 ते 2500 च्या मध्ये राहा. ‘मोठा मासा लागला तर?’ म्हणून 5000 ची रील घेणारे बरेच असतात. ती हलक्या रॉडवर जड होते, मनगट दुखतं आणि पातळ दोरा तिच्यात अर्धाही भरत नाही.

खरी गंमत या भरण्यातच आहे, आणि दुकानदार हे क्वचितच सांगतो. दोरा स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरलेला हवा. कमी भरला तर सुटताना तो दर वेटोळ्याला कडेवर घासतो. जड आमिषाला ते जाणवत नाही, हलक्याचा मात्र जीव तिथंच जातो. गच्च भरला तर एकदम चार वेटोळी सुटून गाठ पडते. त्यासाठी उथळ स्पूलची रील मिळाली तर उत्तम. शिमानोच्या रीलवर आकड्यापुढे ‘एस’ अक्षर असतं, ते उथळ स्पूलचं. खोल स्पूल असेल तर खाली जुना साधा तंगूस गुंडाळा आणि त्यावर 100 मीटर चांगला दोरा भरा. 5 ग्रॅमचं आमिष काही शंभर मीटर जाणार नाही.

दोरा किती जाड? साधा तंगूस घेणार असाल तर 0.20 ते 0.22 मिलिमीटर. विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, घेणार असाल तर 0.15 च्या आसपास. पाकिटावर किलो-पाउंड मोठ्या अक्षरात असतात, त्यावर न जाता मिलिमीटर वाचा. घरी पडलेला 0.40 चा तंगूस याच रीलवर चढवला तर आमिष जाणार नाही. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरतो, म्हणूनही खाली तंगूसाचे काही वेढे हवेत. ब्रेड दगडात अडकला तर हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. काडीला गुंडाळून ओढा. आणि त्याच्या टोकाला दोन-तीन फूट तंगूस जोडा, तो दगडाची घासण सोसतो.

बेअरिंगच्या आकड्यांना भुलायचं कारण नाही. ‘12 अधिक 1’ लिहिलेल्या स्वस्त रीलपेक्षा चार चांगल्या बेअरिंगची रील जास्त टिकते. दुकानात हँडल हळू फिरवून पाहा. खरखर नको, डुगडुग नको. हँडल मागे ढकललं तर लगेच अडायला हवं. 5.2:1 असं लिहिलेलं असतं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात पुढचा भाग सव्वापाच वेळा फिरतो. हलक्या आमिषाला तेवढं बरं.

ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागल्यावर दोरा सोडणारा ब्रेक. तो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. साडेतीन किलोच्या दोऱ्याला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा आणि दोरा हातात धरून रीलनं बाटली उचला. दोरा संथपणे सुटायला हवा. झटके देत सुटला तर ती रील परत करा.

रॉडवरही वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ 3-10 ग्रॅम. सहा ते सात फुटांचा, ‘एल’ किंवा ‘एमएल’ लिहिलेला रॉड या रीलला जुळतो. काठीसारख्या ताठ रॉडवर सर्वांत भारी रीलसुद्धा 4 ग्रॅम फेकणार नाही, कारण आमिषाच्या वजनानं रॉड वाकला तरच तो परत उसळून आमिष फेकतो.

एक अपवाद मरळीचा. शेवाळात, बेशरमाच्या झुडपांत लपलेल्या मरळीसाठी रबरी बेडूक वापरतात. तो बहुतेक दहाच्या नाण्याहून जड असतो आणि मासा गवतातून उपसून काढावा लागतो. तिथं जाड ब्रेड आणि बेटकास्टिंग शोभते. हलक्या रीलनं तो प्रयोग केला तर मासाही जातो, आमिषही.

रील आली म्हणजे कुठंही फेकता येतं असं नाही. धरणा-तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्या पाण्यात सोडलेल्या कतला-रोहूच्या बोटुकल्यांवर तिथल्या कुटुंबांचं पोट आहे. वझ्झरजवळचं सापन धरण असो की दुसरं कुठलं, आधी संस्थेला विचारा. मेळघाटात तर प्रश्नच नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, सेमाडोहला सिपनेच्या डोहात कितीही मासे दिसले तरी गळ टाकणं गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली कारवाई होते.

हात बसवायला मात्र पाणी लागत नाही. आमिषाचे गळ काढून टाका किंवा त्याच वजनाचं नट बांधा आणि रिकाम्या वावरात संध्याकाळी अर्धा तास फेका. वारा पाठीवर घ्या. आमिष पडताच तारेची कडी हातानं बंद करा, हँडल फिरवून नको. मग दोरा एकदा ताणून घ्या आणि नंतरच गुंडाळा. स्पिनिंग रीलवर ज्या गाठी पडतात, त्यातल्या बऱ्याचशा या सैल राहिलेल्या वेटोळ्याच्याच असतात.