फुप्फुसनीला : चार, तीन कीं पांच?

शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील हृदयाचें चित्र आमच्या विद्यार्थिमित्रांनीं पाहिलेंच असेल. त्यांत फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या चार नळ्या असतात. दोन उजवीकडच्या व दोन डावीकडच्या. परीक्षेंत 'फुप्फुसनीला किती?' असा प्रश्न आल्यास 'चार' हेंच उत्तर द्यावें. कारण बहुसंख्य माणसांत त्या चारच असतात. तथापि सर्वांच्या ठिकाणीं तसें नसतें, आणि हा भेद जाणणें प्रसंगीं रोग्याच्या जीवितास आवश्यक होतें.

हृदयाकडून बाहेर जाणारी वाहिनी ती रोहिणी, व हृदयाकडे परत येणारी ती नीला. आपल्या शरीरांतील इतर नीलांतून काळपट रक्त वाहतें. फुप्फुसनीलांतून मात्र प्राणवायूनें युक्त असें लालभडक रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यांत येतें व तेथून पुढें सर्व शरीरास पोंचतें.

उजव्या फुप्फुसाचे खंड तीन व डाव्याचे दोन, मिळून पांच. मग नीला चारच कशा? उजवीकडील मधल्या खंडाची नीला बहुधा वरच्या खंडाच्या नीलेस मिळते, म्हणून. कित्येकांत ती स्वतंत्र द्वारानें कप्प्यांत शिरते. तेव्हां द्वारें पांच होतात. उलट कांहीं जणांच्या डाव्या बाजूच्या दोन्ही नीला वाटेंतच एक होतात. तेव्हां द्वारें तीनच राहतात.

याचें कारण गर्भावस्थेंत आहे. आरंभीं डाव्या वरच्या कप्प्यास एकच फुप्फुसनीला असते व तिला फांद्या फुटतात. वाढतां वाढतां कप्पा हें मूळ खोड आपल्या भिंतींत सामावून घेतो. तें फांद्यांपर्यंत सामावलें म्हणजे चार द्वारें उरतात. ही क्रिया अगोदर थांबली तर कमी, पुढें गेली तर अधिक. असा मनुष्य निरोगी असतो; त्यास आपल्या ठिकाणीं कांहीं निराळें आहे, याची वार्ताही नसते. मात्र सर्व नीला भलत्याच ठिकाणीं, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूकडे, जाऊन मिळाल्या तर तो रोगच होय. अशा अर्भकाचें अंग निळसर पडतें व त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते.

निरुपद्रवी भेदही शस्त्रवैद्यास ठाऊक असावा लागतो. डाव्या फुप्फुसाचा खालचा खंड काढतांना त्याची नीला बांधून कापावी लागते. तेथें दोन्ही खंडांचें समाईक खोड असेल आणि तेंच चुकून बांधलें गेलें, तर उरलेल्या खंडांतील रक्ताची परतीची वाट बंद होऊन तोही निकामी होतो.

दुसरें उदाहरण हृदयाच्या अनियमित ठोक्यांचें. इ. स. १९९८ सालीं फ्रान्समधील बोर्डो येथील डॉ. मिशेल ऐसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा ४५ रोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. विकार सुरू करणाऱ्या ६९ उगमस्थानांपैकीं ६५ फुप्फुसनीलांच्या आंत सांपडलीं. तेव्हांपासून या नीलांच्या द्वारांभोंवतीं सूक्ष्म डाग देऊन तो उगम हृदयापासून तोडण्याचा उपचार रूढ झाला. एखादें द्वार नजरेंतून सुटलें तर रोग मागें राहण्याचा संभव. म्हणून कित्येक डॉक्टर अगोदर सी. टी. स्कॅन काढून त्या रोग्याचीं द्वारें मोजून घेतात.

विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतील चित्र अवश्य पाठ करावें. त्यावांचून भेद ओळखतांच येणार नाहीं. परंतु आपल्यापैकीं जे पुढें वैद्यकाकडे वळतील, त्यांनीं समोरच्या रोग्याचें शरीर त्या चित्राबरहुकूमच असेल असें कधींही गृहीत धरूं नये, एवढीच आमची सूचना आहे.