पाहुणे परत आले तेव्हा – लेखांक ७ : माहुलीची वाट कोणी उघडली?

माळशेजच्या पावसाळी बंदीहुकमांवर या आठवड्यात लिहायचे कबूल केले होते. ते पुढे ढकलतो. किन्हवलीच्या एका वाचकाने विचारले आहे : “२०२० साली पर्यटन बंद पडले आणि मग सुरू झाले, हे पेपरात वाचले. पण आमच्या माहुलीची वाट नेमकी उघडली कोणी? दिल्लीने, मंत्रालयाने, ठाण्याच्या कलेक्टरांनी की वनखात्याने?” असा प्रश्न आल्यावर दुसरे काही लिहिणे मला जमणार नाही.

हुकूम या चौघांचेही होते. पण माहुली गडाची वाट उघडली कसारा लोकलने, असे माझे ठाम मत आहे.

कोरोनाच्या काळातल्या तारखा पाहा. ८ जुलै २०२० पासून राज्यातली निवासी हॉटेले ३३ टक्के क्षमतेने सुरू झाली. २ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पासची गरज उरली नाही. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे अर्ध्या क्षमतेने उघडली. कागदोपत्री दिवाळीआधीच पर्यटन बरेचसे मोकळे झाले होते. मात्र सर्वसामान्यांची लोकल २२ मार्च २०२० च्या रात्री थांबली ती थांबलीच. जूनच्या मध्यापासून धावू लागलेल्या गाड्या मुख्यतः अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी होत्या.

म्हणजे ज्याच्या दारात गाडी होती तो मुरबाडमार्गे माळशेजला निघाला, फार्महाऊसवर उतरला, रिसॉर्टमध्ये जेवला. आसनगावला उतरून रिक्षाने माहुली गाव गाठणारा, गड उतरून पायथ्याच्या घरात पिठलं-भाकरी खाणारा मुलामुलींचा ग्रुप घरीच राहिला. पायथ्याच्या घरांची कमाई होती ती या दुसऱ्या पाहुण्यावर. रिसॉर्टला गिऱ्हाईक आधी मिळाले आणि भाकरी थापणाऱ्या बाईला सर्वांत शेवटी.

१ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सर्वांना खुली झाली, पण ठरावीक वेळांत : पहाटे पहिल्या गाडीपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. आता माहुलीचा दिवस मांडून बघा. सातच्या आत दादर किंवा ठाणे सोडले तरी पायथ्याला पोचेतो नऊ वाजतात. चढायला तीन तास लागतात, उतरायला दोन. चारच्या आत आसनगावला परत यायचे तर घाई करावी लागते आणि या घाईत सुटते ते नेमके पायथ्याचे जेवण. ते घ्यायचे तर रात्री नऊपर्यंत फलाटावर बसा. लोकलच्या वेळा गर्दी विभागण्यासाठी आखल्या होत्या आणि त्या हेतूला त्या योग्यच होत्या. त्यांचा परिणाम आसनगावपासून आत असलेल्या एका चुलीवर काय होईल, हे विचारणारे मात्र त्या वेळा ठरवणाऱ्या बैठकीत कोणी नव्हते.

एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत लोकल पुन्हा बंद झाली. १५ ऑगस्ट २०२१ ला लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना ती मिळाली, तीही सुरुवातीला मासिक पासावरच. रविवारी एकदा गडावर जाणारा महिन्याचा पास कशाला काढील? त्यातून कोविशील्डच्या दोन मात्रांतले अंतर मेमध्ये बारा ते सोळा आठवडे झाले होते, म्हणजे जुलैत पहिली टोचून घेतलेल्या पंचविशीतल्या मुलाला ऑक्टोबर उजाडला. एकेरी प्रवासाची तिकिटे ऑक्टोबरअखेर मिळू लागली आणि तेव्हा कुठे माहुलीचा पाहुणा खऱ्या अर्थाने सुटला. पुढे अडीच महिन्यांत ओमायक्रॉन आला आणि १० जानेवारी २०२२ पासून गडकिल्ले पुन्हा बंद झाले. ते फेब्रुवारीत उघडले.

मग जिल्ह्याचे साथीतले हुकूम ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसते? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाची रचना ठरवून दिली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, शिवाय पोलीसप्रमुख, आरोग्याचे प्रमुख आणि राज्याने नेमलेले आणखी अधिकारी. अध्यक्षांखेरीज सातांहून अधिक सदस्य नाहीत. पर्यटनाला तिथे कायद्याने खुर्ची नाही. माळशेजला तर अडचण दुप्पट. घाटाखालचा मुरबाड ठाण्यात, घाटमाथ्यावरचे पर्यटन महामंडळाचे निवास जुन्नरच्या बाजूला, पुणे जिल्ह्यात. एकाच रस्त्यावर दोन कलेक्टरांचे दोन हुकूम. रेल्वे या दोघांच्याही हाताबाहेर.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण हा विषय माझ्या फार आवडीचा आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने प्रथम उपसला तो १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईच्या प्लेगात घाईघाईने झालेला, अवघ्या चार कलमांचा. रेल्वेच्या उतारूंना तपासण्याचा, त्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट आहे. पुण्याचा आणि नाशिकचा फाटा जिथे फुटतो त्या कल्याणला तेव्हा प्लेगची तपासणी होत असे. कल्याणला अडवले की कसाऱ्याचा आणि बोरघाटाचा, दोन्हींकडचा प्रवासी अडतो, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनी बरोबर ओळखले होते. पण थांबवण्याचा अधिकार देणाऱ्या या मूळ कायद्यात नुकसानभरपाईचा उल्लेख येतो तो केवळ कंसात, “असल्यास” म्हणून. थांबलेल्याचे पोट कसे चालावे, याची त्यात काही व्यवस्था नाही. पौष पौर्णिमेची, मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा २०२१ मध्ये भरली नाही, तेव्हा बैलबाजारातला शेतकरी, घोंगड्या विकणारा आणि पाळणेवाला यांचे वर्ष बुडाले. यात्रा न भरवणे साथीच्या दृष्टीने आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते वर्ष बुडाल्याची नोंद करणारे खाते मात्र एकही नव्हते, हे मला खुपते.

केंद्राने हात आखडता घेतला होता असेही नाही. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीतच देशाच्या पर्यटनातले १ कोटी ४५ लाख रोजगार गेले. २८ जून २०२१ ला अर्थमंत्र्यांनी हमी कर्जाची योजना जाहीर केली : प्रवासी संस्थेला १० लाखांपर्यंत, गाईडला १ लाखापर्यंत, तारणाविना. लाभार्थी सुमारे ११ हजार, आणि अट एकच, केंद्राची किंवा राज्याची मान्यता हवी. गोरखगडावर दोराने चढवून सुखरूप उतरवणारा देहरीचा मुलगा, नाणेघाटाची पावसातली वाट डोळे मिटून सांगणारा वैशाखऱ्याचा वाटाड्या, यांना मान्यतेचा कागद कोणी दिलाच नव्हता. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० च्या सप्टेंबरातच आले आणि ते चांगलेच आहे. त्यात नोंदणीला किमान एक एकर जमीन लागते. कातकरी वाडीवरच्या बाईच्या नावावर सातबारा कुठून असणार?

म्हणून किन्हवलीच्या वाचकाला माझे सांगणे असे : पुढची साथ यायच्या आत प्रत्येक पायथ्याच्या ग्रामपंचायतीने एक यादी करावी. जेवण कोण देते, वाट कोण दाखवते, रिक्षा-जीप कोणाची, किती महिने काम चालते. ग्रामसभेत वाचून ती मंजूर करावी. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक पर्यटन संचालनालयाला आणि एक जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना द्यावी, कारण प्राधिकरणात ते सहअध्यक्ष आहेत आणि ती यादी टेबलावर ठेवण्याचा हक्क त्यांना आहे. याला निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. माहुली, देहरी, मोरोशी, वैशाखरे, विहीगाव : एवढ्या पाच गावांनी सुरुवात केली तरी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना नमुना मिळेल.

अशी यादी कोणत्या गावात आधीपासून असेल तर जरूर कळवा. तिच्यावर एक पूर्ण लेखांक खर्च करायची माझी तयारी आहे. माळशेजचे बंदीहुकूम पुढच्या आठवड्यात.