कौलांखालचे उदमांजर

निजानीज झाली की माळ्यावर धावपळ सुरू होते आणि घरातील मंडळी उंदरांना दोष देतात. परंतु पावले जड वाजत असतील आणि बासमती भातासारखा गंध दरवळत असेल, तर तो उदमांजराचा संचार समजावा. या गंधावरूनच बंगालीत त्याचे नाव गंधगोकुल; केरळात ते मरपट्टी. फळे व उंदीर खाणारा हा निशाचर प्राणी सहसा माणसाच्या वाटेस जात नाही.

त्याला मारणे किंवा परवानगीवाचून पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. शिवाय माळ्याचा कोरडा कोपरा मादी पुष्कळदा पिलांसाठीच निवडते. ती पिंजऱ्यात अडकली, तर वर पिले उपाशी मरतात.

म्हणून घाई करू नये. दिवसा कान देऊन ऐकावे. बारीक चिरचिर ऐकू आली, तर पिले आईमागे हिंडू लागेपर्यंत काही आठवडे कळ सोसावी. (शेजारी हसतील, हसोत बापडे!) मग छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, एक सोडून सारी भोके बुजवावीत आणि उरलेल्या भोकाशी पीठ पसरावे. रात्री बाहेर जाणारी पावले उमटलेली दिसली व आत सामसूम असली, म्हणजे तेही जाड तारेच्या जाळीने बंद करावे. पुन्हा चिरचिर ऐकू आली, तर जाळी त्याच रात्री काढावी आणि वनखात्यास कळवावे.